‘कॅम्प वाचवा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डचा हिशेब

पुणे कॅम्प आणि खडकीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘कॅम्प वाचवा’ नावाचा एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा : छावणीचा नागरी भाग पुणे महापालिकेत घालणं हा लष्कराची मोक्याची जमीन बिल्डरांच्या घशात घालायचा डाव आहे, मिळकतकर रातोरात पाचपट होणार, महापालिका पाणी देऊ शकणार नाही, पटेल हॉस्पिटलला टाळं लागणार, कॅम्पाची शिस्त आणि स्वच्छता संपणार, पटत नसेल तर समाविष्ट गावांचे हाल बघा, आणि हे सगळं आपल्याला न विचारता चाललंय. शेवटी अर्थातच ‘किमान दहा ग्रुपवर पाठवा’.

पाठवणाऱ्यांत शेजारपाजारचीच मंडळी आहेत आणि त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. म्हणून टर न उडवता एकेक मुद्दा घेतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि इंग्रजांनी शहराबाहेर फौजेचा तळ ठोकला. तळाभोवती बाजार वसला, तोच आजचा कॅम्प. पुढे शहर फुगत गेलं आणि छावणीला वळसा घालून वानवडी-हडपसरच्याही पलीकडे पोचलं. आज क्वार्टर गेट ओलांडलं की महापालिका संपून कॅन्टोन्मेंट बोर्ड, म्हणजे छावणीचा नागरी कारभार बघणारी संस्था, सुरू होतो आणि वानवडीकडे बाहेर पडलं की पुन्हा महापालिका. बोर्ड चालतो संसदेच्या २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्यावर, महापालिका चालते राज्याच्या १९४९ च्या कायद्यावर. देशात अशा ६२ छावण्या होत्या. त्यांतला नागरी भाग बाहेर काढायची सुरुवात केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलातल्या योलपासून केली. मार्च २०२४ मध्ये आणखी दहा छावण्यांच्या मसुदा-अधिसूचना निघाल्या, त्यांत नाशिकची देवळाली होती. म्हणजे हा पुण्यातल्या कुणा एका पुढाऱ्याच्या डोक्यातून निघालेला बेत नाही.

‘लष्कराची जमीन बिल्डरांच्या घशात’

मेसेजचा सगळा जोर इथे आहे आणि सगळ्यात मोठा घोटाळाही इथेच.

छावणीतली जमीन एका प्रकारची नसते. १९३७ च्या नियमांनी तिचे वर्ग पाडलेत आणि ते जनरल लँड रजिस्टरमध्ये, म्हणजे आपल्या ‘जीएलआर’मध्ये, नोंदलेले असतात. ‘ए’ वर्ग लष्कराच्या वापराचा किंवा लष्करासाठी राखलेला. ‘बी’ वर्गात इतर सरकारी जमिनी, मोकळे तुकडे आणि तो सुप्रसिद्ध ‘बी-३’, जिथे खाजगी माणसं राहतात पण जमिनीवरचा मालकी हक्क सरकारने स्वतःकडे ठेवलेला असतो. ‘सी’ वर्ग बोर्डाच्या ताब्यातला : रस्ते, गटारं, मंडया.

विलीनीकरणात ‘ए’ वर्ग जातच नाही. बराकी, मैदानं, लष्कराच्या दक्षिण कमांडची कार्यालयं मिलिटरी स्टेशन म्हणून लष्कराकडेच राहणार. केंद्राने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत म्हटलंय की नागरी सुविधांची मालमत्ता राज्याला किंवा महापालिकेला मोफत मिळेल, बोर्डाची येणी-देणीही तिकडे जातील, पण जमिनीचा मालकी हक्क जिथे केंद्राचा आहे तिथे तो केंद्राकडेच राहील. म्हणजे हद्दीची रेघ हलली तरी सातबारा हलत नाही. बिल्डरच्या घशात जायला आधी जमीन कुणीतरी विकावी लागेल आणि विकायचा अधिकार महापालिकेला मिळतच नाही.

याच मेसेजचा एक जुळा भाऊही फिरतोय, उलट्या दिशेचा : ‘एकदा महापालिकेत गेलो की जागा आपल्या नावावर, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) वाढणार, टॉवर उभा राहणार.’ मला तर हा भाऊ जास्त धोकादायक वाटतो. पहिला नुसता घाबरवतो, हा लोकांना बिल्डरकडून टोकनचे पैसे घ्यायला लावेल. जुन्या ‘ओल्ड ग्रँट’ बंगल्याचंच घ्या. भिंती, लाकूड, छपरावरची मंगलोरी कौलं तुमची. खालची जमीन सरकारची. बांधकामाची भरपाई देऊन आणि एक महिन्याची नोटीस काढून ती परत घ्यायचा हक्क सरकारने राखलेला. आजोबांच्या नावावरचा बंगला नातवंडांच्या नावावर चढवताना डिफेन्स इस्टेटच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या जमिनी सांभाळणाऱ्या, ऑफिसात चपला झिजतात, त्या पुढेही झिजणार. फरक एवढाच की कौलं काढून स्लॅब टाकायचा झाला तर बांधकामाचा नकाशा महापालिकेकडे जाईल आणि जमीनमालक म्हणून केंद्राचा होकार वेगळा लागेल. एका दाराऐवजी दोन दारं. हे कुणी सांगत नाही, कारण ते दोन्ही मेसेजच्या सोयीचं नाही.

यात खरं तेवढं मान्य करतो. कॅम्पातल्या ज्या जागा खरोखर खाजगी मालकीच्या आहेत तिथे बांधकामाचे नियम बदलले की पुनर्विकासाचा रेटा येणार. ईस्ट स्ट्रीटवर किंवा सेंटर स्ट्रीटवर जुनी दुमजली घरं आहेत, त्यांच्या मालकांकडे फेऱ्या सुरू होतील. पण लष्करी आस्थापनांलगतची बंधनं १९०३ च्या ‘वर्क्स ऑफ डिफेन्स’ कायद्यातून आणि संरक्षण मंत्रालयाच्या परिपत्रकांतून येतात. ती महापालिकेच्या हद्दीतल्या इमारतींनाही लागतात, आज लागतातच. हद्द बदलल्याने ती उठत नाहीत.

‘टॅक्स रातोरात पाचपट’

पाचपट हा आकडा कुठून आला ते मेसेज सांगत नाही. कुठल्याही अधिसूचनेत तो नाही.

महापालिकेत नवीन हद्द आली की पूर्ण दर एकदम लावत नाहीत. पुण्यात आलेल्या गावांच्या बाबतीत आधी जुनाच दर, मग दरवर्षी २० टक्क्यांनी चढत पाच वर्षांत पूर्ण दर, अशी पद्धत होती. त्यातही गाव आणि कॅम्प यांत फरक आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी नाममात्र, त्यामुळे गावकऱ्यांना महापालिकेचं बिल बघून घाम फुटला. कॅन्टोन्मेंट बोर्ड काही तशी नाममात्र घरपट्टी आकारत नाही. तो वार्षिक भाडेमूल्यावर कर घेतो आणि दर तीन वर्षांनी आकारणी नव्याने करतो. महापालिकेची रीतही भाडेमूल्याचीच, शिवाय मालक स्वतः राहत असलेल्या घराला तिथे ४० टक्के सवलत आहे. कर वाढेल का? काहींचा वाढेल, विशेषतः दुकानदारांचा. पण क्वार्टर गेटच्या दोन बाजूंची, सारख्या वयाच्या आणि सारख्या मापाच्या दोन घरांची बिलं शेजारी ठेवून कुणी ग्रुपवर टाकली, तर या मेसेजपेक्षा शंभरपट उपयोगी पडेल.

‘महापालिका पाणी देऊ शकणार नाही’

कॅम्पाच्या नळाला येणारं पाणी आजही खडकवासल्याचं आणि महापालिकेच्याच लष्कर जलकेंद्रातून आलेलं. बोर्ड ते घाऊक विकत घेऊन आपल्याला किरकोळीत देतो. मधला एक टप्पा गळेल. पुढे.

‘पटेल हॉस्पिटल बंद पडणार’

गोळीबार मैदानाजवळच्या सरदार पटेल रुग्णालयावर कॅम्पातला गरीब माणूस जगतो, त्यामुळे ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण ते रुग्णालय संकटात येणार असेल तर ते विलीनीकरणामुळे की बोर्डाच्या रिकाम्या तिजोरीमुळे, हे बघायला हवं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. महापालिकांचा जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) यांचा पैसा गेला, त्याबदल्यात राज्याने त्यांना दरमहा भरपाई द्यायचा कायदा केला. कॅन्टोन्मेंट बोर्डाचंही वाहन प्रवेश शुल्क आणि स्थानिक कर गेला, पण भरपाईच्या त्या कायद्यात छावण्या नव्हत्या. वर संरक्षण मालमत्तांपोटी केंद्राकडून मिळायचं सेवाशुल्क वर्षानुवर्षं थकत आलंय. म्हणजे केंद्राच्या संस्थेला केंद्र पुरेसं देत नाही आणि राज्य म्हणतं, ही आमची नाही. हॉस्पिटलला औषधं घ्यायची तर पैसा कुठून? मार्च २०२१ मध्ये शिवाजी मार्केट आणि फॅशन स्ट्रीट पंधरा दिवसांच्या आत एकापाठोपाठ जळाले, तेव्हा विझवायला महापालिकेचे बंब आले होते. अडीअडचणीला आपण तिकडेच बघतो, फक्त कागदावर परके.

हॉस्पिटलबाबतचा खरा प्रश्न वेगळा आहे : डॉक्टर, नर्स, सफाई कर्मचारी कुठल्या वेतनश्रेणीत जाणार, आणि निवृत्तांचं पेन्शन कोण देणार. ‘येणी-देणी महापालिकेकडे’ एवढ्या दोन शब्दांत हे सगळं कोंबलंय. विचारायचं ते हे.

‘कॅम्पाची शिस्त आणि स्वच्छता संपणार’

एम. जी. रोडवर उभं राहून हे वाक्य खरं वाटतं. तिथून भीमपुरा, मोदीखाना असं चालत या. चाळीतली माणसं अजून सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत आहेत. बंगल्यांच्या आळीतली शिस्त ही कमी वस्तीची, रुंद रस्त्यांची आणि मोठ्या झाडांची आहे. त्यात बोर्डाचा वाटा आहेच, पण तेवढ्यावर सबंध कॅम्पाला ‘स्वच्छ’चं प्रशस्तिपत्रक देता येत नाही.

‘समाविष्ट गावांचे हाल बघा’

हा मेसेजमधला सगळ्यात खरा मुद्दा. १९९७ मध्ये ३८ गावं महापालिकेत घेतली, विरोध झाल्यावर १५ पूर्ण आणि ५ अंशतः वगळली. २०१७ मध्ये ११ गावं आली, ३० जून २०२१ ला आणखी २३. क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईपेक्षा मोठी झाली आणि उपनगरांत टँकरच्या रांगा तशाच राहिल्या. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर कंटाळून बाहेर पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. ‘आधी आहेत त्यांना तर द्या’ असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

पण कॅम्प म्हणजे कडेला जोडलेलं गाव नव्हे. तिथे नव्याने जलवाहिनी न्यायची नाही, ड्रेनेज मैलोन्‌मैल खोदायचं नाही. सगळं जाळं आजूबाजूला आहेच आणि बरंचसं आजही सामायिक. पीएमपीच्या बसला क्वार्टर गेटला थांबून परवानगी मागावी लागत नाही, पोलीसही शहराचेच. गावं घेताना महापालिकेने रिकाम्या जागेत हात पसरले. इथे ती स्वतःच्या पोटातला तुकडा घेतेय.

‘आपल्याला न विचारता’

विचारायचं कुणी आणि कुणामार्फत? पुणे कॅन्टोन्मेंटची शेवटची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. आठ वॉर्ड, आठ लोकनियुक्त सदस्य. त्यांची मुदत वाढवत वाढवत फेब्रुवारी २०२१ पर्यंत नेली आणि मग बोर्ड तिघांवर आला : अध्यक्ष म्हणून लष्करी अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि केंद्राने नेमलेला एक नागरी सदस्य. ३० एप्रिल २०२३ ला मतदान ठरलं होतं. मार्चमध्ये तेही रद्द झालं. महापालिकेतही मार्च २०२२ पासून प्रशासकच होता, हे खरं. पण जानेवारी २०२६ मध्ये तिथे मतदान झालं. भवानी पेठेत बोटाला शाई लागली, रस्ता ओलांडून कॅम्पात नाही.

लोकशाहीच्या नावाने गळा काढणाऱ्या मेसेजने एक खरी अडचण मात्र सोडूनच दिली, म्हणून ती मीच सांगतो. महापालिकेत साधारण २१ हजार लोकसंख्येमागे एक नगरसेवक पडतो. २०११ च्या जनगणनेत पुणे कॅन्टोन्मेंटची लोकसंख्या जेमतेम ७१ हजार होती आणि त्यात लष्करी वस्तीही आली. म्हणजे आठ सदस्यांच्या जागी तीनेक नगरसेवक, तेही चार जणांच्या प्रभागात पेठांबरोबर वाटून घ्यायचे. शिवाय निवडणूक नुकतीच झालीय. २०१७ ला आलेल्या ११ गावांना मिळून पोटनिवडणुकीत दोन नगरसेवक मिळाले होते, तसं काही केलं नाही तर पुढच्या निवडणुकीपर्यंत कॅम्पाला एकही नाही.

विचारण्याची कायदेशीर वाट मात्र आहे. २००६ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हद्द बदलण्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की कुणाही रहिवाशाला आठ आठवड्यांत लेखी हरकत घेता येते. ती कमांडच्या प्रमुखांमार्फत केंद्राकडे जाते, आणि आपली कमांड कॅम्पातच आहे. हरकतीत ‘कॅम्प वाचवा’ एवढंच लिहिलंत तर ती त्याच गठ्ठ्यात पडेल. त्यापेक्षा मागा : गावांसारखी टप्प्याटप्प्याची करआकारणी, हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती आणि पेन्शन लेखी, बी-३ च्या वारसनोंदींना ठरावीक मुदत, थकलेलं सेवाशुल्क हस्तांतराआधी चुकतं, आणि कॅम्पासाठी लगेच पोटनिवडणूक. खाली घर क्रमांकाबरोबर जीएलआरचा सर्व्हे नंबर टाका आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.