मुद्दाम चपट्या

गेल्या पावसाळ्यात कुठल्याशा गाडीवर पाणीपुरी खाऊन लेकीचं पोट बिघडलं. दोन दिवस ती मऊभातावर होती. तिसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "यापुढे पुऱ्यासुद्धा घरीच!"

"अहो, गावदेवी मार्केटात तयार पुऱ्यांचं पाकीट मिळतं," बायको म्हणाली. पण चार माणसांसमोर बोललेलं मागे घेण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

साहित्य इतकं साधं की माणूस फसतो. एक वाटी बारीक रवा, दोन चमचे मैदा, मीठ, कोमट पाणी. घट्ट मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. अर्ध्या तासाने गोळ्यावर अंगठा दाबला. गोळ्याला काही झालं नाही, अंगठा दुखला.

"रवा पाणी पितो, त्याला पिऊ द्यायचं असतं," बायको पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली. हे आधी सांगायला काय हरकत होती?

पाण्याचा हात लावून पुन्हा मळलं, पातळ लाटलं. लाटलेली पोळी लाटणं उचललं की आखडून परत लहान होई. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण तीनदा धुऊन त्याने गोल पाडले. तब्बल ६३! ते ताटात मांडले आणि ठाण्याच्या ओलसर उकाड्यात जीव जाऊ नये म्हणून पंखा पाचवर केला.

पहिली पुरी तेलात तळाशी जाऊन बसली. तेल तापलंच नव्हतं. गॅस वाढवला. दुसरी टाकून झाऱ्याने हलकेच दाबली, तर कडेला बुडबुडे आले, मध्ये एक फोड उठला, तो सरकत सरकत पसरला आणि पुरी टम्म! लेक ओरडली, मी ओरडलो. बायकोने पेपर खाली ठेवला.

त्यानंतर मात्र चपट्यांची रांग लागली. दहा टाकाव्यात तेव्हा दोन फुगत.

बायको उठली, ताटातली एक उचलून उजेडात धरली. "वरून सुकल्यात. सुकली की भेगा पडतात, आतली वाफ निसटते. ओलं फडकं मळताना आठवलं, लाटल्यावर नाही?" आणि तिने पंखा बंद केला. उरलेल्या तेरा पुऱ्या मी माझ्याच घामात तळल्या.

हिशेब: ६३ पैकी ११ फुगल्या. त्यातल्याही चार मी गॅस मोठा ठेवून घाईने काढल्या होत्या. मंद आचेवर कुरकुरीत होऊ न दिल्यामुळे पाणी तयार होईपर्यंत त्या मान टाकून बसल्या. राहिल्या सात. माणसं तीन. लेकीने तीन घेतल्या.

बावन्न चपट्यांकडे मी बघत बसलो. बायकोने त्यांच्यावर उकडलेला बटाटा, कांदा, दोन्ही चटण्या आणि मूठभर शेव घातली. तेवढ्यात शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या. एक तोंडात टाकून म्हणाल्या, "अगंबाई, शेवपुरी! पापड्यासुद्धा घरच्या? आमच्या नेहमी फुगतात हो. या इतक्या चपट्या कशा जमवल्या?"

"काट्याने टोचून," मी म्हणालो. "एकेक."