धुक्यात चारही इंडिकेटर लावू नका

पाऊस सुरू झाला की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘कसारा घाटात धुकं असेल तर चारही इंडिकेटर लावूनच गाडी चालवा, मागच्याला लांबून दिसता. बॅटरीवर लोड येत नाही. चौकात सरळ जायचं असेल तरी चारही लावा. इंडिकेटर भराभर टिकटिकला तर फ्लॅशर बदला.’ (फ्लॅशर म्हणजे इंडिकेटरची उघडमीट करणारा भाग.) मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. लोक हे वाचून खरंच तशी गाडी चालवतात, म्हणून लिहितोय.

लांबून दिसता, हे खरं. टेल लाइटचा बल्ब 5 वॅटचा, इंडिकेटरचा 21 वॅटचा. पण मागच्याला त्यातून काय कळतं? साध्या इंडिकेटरला किल्ली फिरवल्यावरच करंट मिळतो. हजार्डला, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावले की, तो थेट बॅटरीतून येतो, किल्ली खिशात असली तरी. कारण ही सोय रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसाठी केलेली आहे. चारही दिवे लुकलुकले की अर्थ एकच: मी उभा आहे किंवा अचानक थांबतोय. कित्येक नव्या गाड्यांत तर जोरात ब्रेक मारला की हजार्ड आपोआप लागतात. आता धुक्यात दहा गाड्या लुकलुकत उतरताहेत आणि अकरावा खरोखर बंद पडलेला ट्रक आहे. मागून येणाऱ्याने तो ओळखायचा कसा?

दुसरं म्हणजे, बहुतेक गाड्यांत हजार्ड चालू असताना इंडिकेटरची दांडी ओढून उपयोग होत नाही. दोन्ही बाजूंना एकच करंट जात असतो. लेन बदलली तरी मागच्याला पत्ता नाही. शेजारी पिवळा दिवा सतत उघडमीट करत असला की लाल ब्रेक लाइटही चटकन लक्षात येत नाही, आणि घाट उतरताना तोच सगळ्यात महत्त्वाचा.

धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्पर मारला तर प्रकाश धुक्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. मागचा लाल फॉग लॅम्प असेल तर तो लावा. तोही साधारण 21 वॅटचाच, पण न लुकलुकता जळतो. आणि पुढे डीआरएल (दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे) दिसताहेत म्हणून निर्धास्त राहू नका. अनेक गाड्यांत डीआरएलवर मागचे टेल लाइट लागतच नाहीत, पाठ पूर्ण काळोखात असते.

चौकाचं तर विचारूच नका. नाशिकच्या द्वारका चौकात डावीकडून येणाऱ्याला तुमची डावी बाजूच दिसते. त्याच्या लेखी तुम्ही डावीकडे वळताय. उजवीकडच्याला वाटतं, उजवीकडे. सरळ जायचं तर काहीच लावायचं नसतं.

बॅटरीचं म्हणणं इंजिन चालू असेपर्यंत बरोबर आहे, इंजिनावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर सांभाळून घेतो. इंजिन बंद असताना 21 वॅटचे चार बल्ब पेटतात त्या क्षणी सात अँपिअर ओढतात. म्हणून बंद पडलेल्या गाडीत तरी बाकीचं सगळं बंद करा.

फ्लॅशरबद्दल मात्र राग येतो, कारण यात लोकांचा फुकट खर्च होतो. मागच्या महिन्यात एक काका नवा फ्लॅशर बसवून आले, टिकटिक तशीच. डावा टेललॅम्प खोलला. होल्डर हिरवट पडलेला, बल्बची काच आतून काळी, फिलामेंट तुटलेलं. एक बल्ब गेला की त्या बाजूचा लोड कमी होतो आणि सर्किट मुद्दाम वेग वाढवतं, ड्रायव्हरला कळावं म्हणून. वीस-तीस रुपयांचा बल्ब, होल्डर घासला, काम झालं. 21 वॅटच्या जागी एलईडी टाकला तरी हेच होतं.

घाटात जाण्याआधी रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करा, टेल लाइट लावा, ब्रेक दाबा आणि आरशात भिंतीवरचा उजेड बघा. ब्रेक दाबल्यावर एका बाजूचा टेल लाइट मंदावला किंवा इंडिकेटर मिणमिणला, तर बहुधा त्या लॅम्पची अर्थिंगची (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह) वायर सुटलीय. अशी गाडी धुक्यात नेऊ नका.