अंध मुलासाठी अर्ज करताना ‘मदत करावी’ एवढंच लिहू नका

लहान मुलाच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दाते मिळतात. पुढच्या चष्म्यांना, पट्ट्यांना, काटोल-उमरेडहून नागपूरला माराव्या लागणाऱ्या चकरांना कुणी मिळत नाही. दोष फक्त दात्यांचा नाही. ट्रस्टकडे केलेले आपले अर्जच अर्धवट असतात.

जन्मजात मोतीबिंदूचं घ्या. ऑपरेशन झालं म्हणजे नजर आली, असं होत नाही. पहिल्या दोन वर्षांत डोळा झपाट्याने वाढतो आणि चष्म्याचा नंबर बदलत राहतो. मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी लावावी लागते. त्यात खंड पडला की ऑपरेशन केलेला डोळा आळशी होतो, कारण मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही. बाळ स्थिर बसत नाही, म्हणून काही तपासण्या भूल देऊनच होतात. रुग्णालयाच्या एका ओळीच्या इस्टिमेटमध्ये यातलं काहीच नसतं. डॉक्टरांना सांगून वर्षभराचा खर्च लिहून घ्या: चष्मे किती, तपासण्या किती, थेंब, पट्ट्या. लेटरहेड, सही, शिक्का, तारीख हवीच, आणि मुलाचं नाव आधारवर आहे तसंच. ट्रस्ट बहुधा चेक रुग्णालयाच्या नावानेच काढतात आणि झालेल्या खर्चाची भरपाई सहसा देत नाहीत. म्हणून अर्ज ऑपरेशनच्या आधी पोचला पाहिजे.

पण देणगी मागण्याआधी हक्काचं घ्या. नागपूरची सरकारी रुग्णालयं, म्हणजे मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, आहेतच. अंगणवाडी आणि शाळेतून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तिथल्या समाजसेवकाला दाखल होतानाच भेटा, बिल झाल्यावर नाही. दाद मिळाली नाही तर सिव्हिल लाइन्सला धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय आहे, लेखी तक्रार द्या.

सगळ्याची किल्ली म्हणजे यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं अपंगत्व ओळखपत्र. इथे एक कडू गोष्ट आधीच माहीत असू द्या: एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर अपंगत्व ३० टक्केच धरलं जातं, आणि बहुतेक योजना ४० टक्क्यांपासून सुरू होतात. अशा मुलांना ट्रस्टशिवाय फारसा आधार उरत नाही. दात्यांनी हे नीट वाचावं. लहान मुलांचं प्रमाणपत्र अनेकदा तात्पुरतं असतं, मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. निरामय हा अपंगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा फक्त दृष्टीदोष असलेल्या मुलाला मिळत नाही. सोबत सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तरच. यात लोकांचे महिने वाया जातात.

शाळेच्या वयात मागणी वस्तूची करा. ब्रेल लिहायची स्लेट-स्टायलस आणि गणितासाठीची टेलर फ्रेम एकदा घेतली की पुरते, ब्रेलचा जाड कागद मात्र सतत संपतो. ‘शिक्षणासाठी मदत’ लिहिण्यापेक्षा ‘वर्षभराचा ब्रेल कागद’ लिहून कोटेशन जोडा. उपकरणांसाठी केंद्राची एडिप योजना आहे: पालकांचं मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. नागपूरच्या सीआरसीमध्ये, म्हणजे अपंगांसाठीच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन केंद्रात, चौकशी करा.

वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) आणि मॉइल या सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच, म्हणून पालक थेट तिथे अर्ज घेऊन जातात. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा, पैसा मात्र प्रकल्पांना आणि संस्थांमार्फत जातो, एकेका कुटुंबाला नाही. दक्षिण अंबाझरी मार्गावरच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनसारख्या संस्थेशी आधी बोला. चार-पाच पालकांची सारखी गरज एकत्र केली की संस्थेलाही प्रस्ताव करता येतो.

‘मंजूर करून देतो, आधी फाइलचे पैसे द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खरा ट्रस्ट अर्जाचे पैसे घेत नाही.

आणि देणाऱ्यांनो, शिबिरात काठ्या वाटून फोटो काढण्याऐवजी एका बाळाचे पुढच्या दोन वर्षांचे चष्मे उचला. पैसे थेट चष्म्याच्या दुकानात भरा, आणि त्या आईकडे बाळाचा फोटो मागू नका.