ताण द्या म्हणता, पाणी कधी सोडता?

दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आमच्या नागपुरातल्या ग्रुपवर तर एका दिवसात तीनदा आला. सार असं: 'संत्र्याला ताण दिल्याशिवाय बहर येत नाही. आम्ही मास्तरांचा मार खाल्ला म्हणून घडलो. आजची पोट्टी नाजूक, कारण समुपदेशनाचे लाड.'

ताणापासूनच, म्हणजे झाडाचं पाणी काही दिवस तोडण्यापासूनच, सुरू करते. माझं बालपण काटोलकडच्या बागेत गेलं, आणि हे लिहिणाऱ्यानं कधी ताण दिलेला दिसत नाही. आंबिया बहरासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, थंडीत पाणी तोडतात, खरं आहे. पण किती दिवस, ते जमीन पाहून ठरतं. हलकी असली तर कमी, भारी काळी असली तर जास्त. पानं मलूल व्हायला लागली की बाबा रोज फेरी मारायचे. मग खत आणि पाणी, तेही आधी बेतानंच. ताण लांबला तर बहर राहतो बाजूला, फांद्याच वाळतात. आणि फळावर न आलेल्या कोवळ्या झाडांना ताण कोणी देतच नाही, बाप्पा! सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवणी, रात्री टेस्ट सिरीज असलेल्या पोराला पाणी कोणत्या महिन्यात सोडता? या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, तिचं काय?

'मार खाल्ला म्हणून घडलो.' मार खाऊन ज्यांनी आठवीतच दप्तर टाकलं, ते या ग्रुपवर नाहीत. त्यांची साक्ष कोण घेणार? हवाईच्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार अशा ओझ्याखाली वाढलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा तरीही नीट उभा राहिला. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचं निदान एक मोठं माणूस. आजी, शेजारी, शिक्षक, कोणीही. मला तरी छडीवाले मास्तर आठवत नाहीत. मधल्या सुट्टीत 'डबा खाल्ला का गं?' विचारणाऱ्या बाई आठवतात.

एक मात्र कबूल. पोराचा प्रोजेक्ट आईनं करायचा, दोन मार्क कमी पडले की बाबांनी शाळेत भांडायला जायचं, यानं पोर कणखर होत नाही. हरू द्या त्याला.

राहिले 'लाड'. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांत मानसिक विकार आढळला. साठांच्या वर्गात चारेक जण. ज्या शहरात रिक्षावाल्याला आजही 'पागलखाना चौक' सांगावं लागतं, तिथं पोराला समुपदेशकाकडे नेणाऱ्या आईला आधी दहा जणांच्या नजरा झेलाव्या लागतात. त्या नजरांशिवाय बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. दिवसरात्र चालू, फुकट, आणि मराठीतही.