अंधारामुळे कबुतर ‘रोल’ करू लागत नाही

‘ढाबळ अंधारी ठेवा, रोलर दुप्पट कोलांट्या मारतील’ असा सल्ला रोलर, म्हणजे उडताना उलट्या कोलांट्या (‘रोल’) मारणारी कबुतरं, पाळणाऱ्यांत सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. बर्मिंगहॅम रोलर या जातीची उलटी कोलांटी रक्तातूनच येते. इंग्लंडमधल्या पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोड्या लावल्या, म्हणून ती आली. ज्याच्यात हा गुण नाही, त्याला महिनाभर काळोखात कोंडलं तरी तो येणार नाही.

मग हा समज आला कुठून? युरोपातले शर्यतीची कबुतरं पाळणारे वसंतात पिल्लांची ढाबळ संध्याकाळपासून सकाळपर्यंत झाकतात. दिवस लहान भासल्याने पिसं झडणं लांबणीवर पडतं आणि शर्यतीत पंख भरलेले राहतात. शिवाय उजेड कमी मिळाला की जुगण्याची ओढ मंदावते. रोलरच्या थव्यात याचा उपयोग आहेच: नर माद्यांमागे धावत नाहीत, थवा एकत्र उडतो. स्पर्धेत गुण मिळतात ते अनेक पक्ष्यांनी एकाच क्षणी रोल केल्यावर, त्यामुळे असा थवा सरस दिसतो.

पण कृपा करून अंधारासाठी फटी बुजवू नका. कोंदट ढाबळीत विष्ठेचा अमोनिया साचतो आणि पक्ष्यांची छाती धरते. उजेड अडवा, वारा नको.