क्लाटू अहिंसेचा दूत नव्हे

‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ (१९५१) या चित्रपटाविषयी एक समज सर्रास पसरलेला आहे. परग्रहावरून आलेल्या क्लाटूने पृथ्वी थांबवली, माणसांना आपसातली युद्धं सोडायला सांगितलं, आणि हा अहिंसेचा निखळ संदेश आहे. माझा हा अतिशय आवडता चित्रपट, म्हणूनच हा समज खोडून काढावासा वाटतो.

पृथ्वी फिरायची थांबत नाही. जगभरातली वीज अर्धा तास बंद पडते. रुग्णालयं आणि आकाशातली विमानं त्यातून वगळलेली आहेत.

‘आपसातली युद्धं सोडा’ असं तर तो म्हणतच नाही. शेवटचं भाषण नीट ऐका. तुम्ही तुमचा ग्रह कसा चालवता याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, असं तो स्पष्ट सांगतो. पण तुमची हिंसा बाहेर पसरवलीत, तर या पृथ्वीची राख होईल. माणसाच्या हाती अणुबाँब आला, उद्या अग्निबाणही येतील; शेजाऱ्यांना भीती आहे ती त्याची.

राहिली अहिंसा. क्लाटूच्या लोकांनी शांतता मिळवली ती गॉर्टसारख्या यंत्रमानवांना पोलीस नेमून. आक्रमण करणाऱ्याला ते शासन करतात आणि त्यांना दिलेला हा अधिकार परत घेता येत नाही. हा धाक झाला. अहिंसा समोरच्याच्या मनाला हात घालते. गॉर्टला कुणाच्या मनाशी देणंघेणं नाही. कोरियात युद्ध चालू होतं, सोव्हिएत अणुचाचणीला दोनच वर्षं झाली होती. अशा वेळी दिग्दर्शक रॉबर्ट वाइज आणि पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी हा धाक जसाच्या तसा मांडला. त्याला गोड करून सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

अहिंसा शोधायचीच असेल, तर ती हेलनपाशी सापडेल. नवरा महायुद्धात गेलेला, पदरी लहान मुलगा, भाड्याच्या खोलीत राहणारी ही बाई. सैनिकांच्या गोळीने क्लाटू कोसळल्यावर ती एकटी, रिकाम्या हाताने गॉर्टसमोर जाते. तो दोन सैनिकांना नाहीसं करून तिच्याकडे वळलेला असतो. मागे सरताना ती अडखळून पडते, किंचाळते, आणि तशाच अवस्थेत क्लाटूने शिकवलेले शब्द कसेबसे उच्चारते: ‘क्लाटू बराडा निक्टो’. गॉर्ट थांबतो.