मग तो आधीच का नाही उडाला?

परवा व्हिडिओ कॉलवर भाच्याने स्पीलबर्गच्या 'ई.टी.'चा निकाल लावून टाकला. १९८२ चा सिनेमा, यान सुटल्यामुळे पृथ्वीवर अडकलेल्या ई.टी. नावाच्या एलियनचा. पोराने आत्ता पाहिला, तोही फोनवर. म्हणे, "मामा, शेवटी तो मुलांच्या सायकली हवेत उडवतो. मग सुरुवातीला यान सुटलं तेव्हा स्वतःच उडून का नाही गाठलं?"

याला उत्तर नाही. मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत मला हा प्रश्न पडलाच नव्हता, हे मात्र त्याला सांगितलं नाही. तुम्ही लोक सिनेमा बघत नाही, ऑडिट करता, असं म्हणून मोकळा झालो.

पण पुढचं ऐकून सटकलीच. "घरात एलियन आहे आणि आईला पत्ता नाही? कैच्या काय!" ताईनेही मागून मान डोलावली. अरे, तोच तर सिनेमातला सगळ्यात खरा भाग! बाप दुसऱ्या बाईबरोबर मेक्सिकोला, आई नोकरी आणि तीन मुलं एकटीने ओढतेय. ती कपाट उघडते तर ई.टी. खेळण्यांच्या ढिगात खेळणं होऊन बसलेला. फ्रिजचं दार त्याला लागून तो आडवा होतो, तरी तिचं लक्ष नाही. ताईच्या घरी दार लोटून बसलं की दहा मिनिटांत कुणीतरी "काय चाललंय रे?" करत आत येतं. तिथे एलियन तासभर टिकायचा नाही. इकडे मी सहाला गराजमधून आत येतो, खालून "हाय" म्हणतो, वरून लेकीचं "हाय" येतं. वर आणखी कोण आहे, देव जाणे.

भाच्याची तिसरी हरकत: ई.टी. आजारी का पडतो, ते सांगितलेलंच नाही. 'कोई मिल गया' (२००३) त्याला जास्त पटतो, कारण त्यातल्या एलियनला, जादूला, ताकद उन्हातून मिळते; ऊन गेलं की खलास. कारण आहे, उपाय आहे. मान्य. फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना मलाही जादूच पटतो. डॉक्टरने व्हिटॅमिन डी दिलंय.

पण ई.टी.ला ऊन होतं, खाणं होतं, जीव लावणारी पोरं होती. तरी तो ओढ्याकाठी पांढराफटक पडलेला सापडतो. डॉक्टरांची फौज हरते. मग छाती लाल उजळते, कोमेजलेली फुलं ताठ होतात, कारण त्याची माणसं न्यायला येतायत. याला भाचा ढिसाळ पटकथा म्हणतो. मी एकोणीस वर्षं इथे आहे. मला तिथे खुलासा लागला नाही. हे बोलताना आवाज जरा चढला असावा, कारण ताई म्हणाली, "अरे, सिनेमाच आहे तो."

शेवटी ई.टी. त्याला घरात लपवणाऱ्या पोराला, एलियटला म्हणतो, ये. एलियट म्हणतो, थांब. दोघंही ऐकत नाहीत. हा भाग भाच्याने पास केला: "लॉजिकल आहे. गेला असता तर शाळा बुडाली असती."

मी निघालो तेव्हा 'थांब' कुणी म्हटल्याचं आठवत नाही. सगळे माझ्या बॅगा वजनकाट्यावर चढवत होते, आणि दोन किलो जास्त भरलं म्हणून मीच सगळ्यांवर खेकसत होतो.